गोव्यातील घरगुती ऊर्जावापर: कोणत्या घरात किती आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती ऊर्जावापर म्हणताना नेमके काय धरायचे?

विजेचे बिल हाती येते, म्हणून ऊर्जा म्हणजे वीज असे समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रत्यक्षात घरातील ऊर्जेत वीज, स्वयंपाकाचा गॅस, चुलीतील लाकूड, न्हाणीतील भाणाखाली, म्हणजे पाणी तापवण्याच्या मोठ्या भांड्याखाली, जाळल्या जाणाऱ्या करवंट्या, सोडणे (नारळाची साले) आणि झावळ्या, आणि काही घरांत अजूनही अधूनमधून वापरले जाणारे रॉकेल या सगळ्यांचा समावेश होतो. घराबाहेर स्कूटर किंवा मोटारीत जळणारे इंधन या पानावर धरलेले नाही. ते कमी महत्त्वाचे आहे असे नव्हे, पण त्याचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो.

एक युनिट वीज म्हणजे १,००० वॉटचे उपकरण एक तास चालले तर लागणारी ऊर्जा. १४.२ किलोच्या घरगुती गॅस सिलिंडरमध्ये याच मापाने सुमारे १८० युनिट इतकी उष्णता साठवलेली असते. त्यामुळे वर्षाला आठ सिलिंडर वापरणाऱ्या आणि महिन्याला १०० युनिट वीज जाळणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडला, तर गॅसमधील ऊर्जा विजेपेक्षा थोडी अधिकच भरते. केवळ वीजबिलांवरून घराघरांची तुलना करणाऱ्याच्या नजरेतून निम्मे स्वयंपाकघर सुटलेले असते.

गोव्याचा दरडोई वीजवापर देशात वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे गोमंतकीय माणूस घरात इतरांपेक्षा दुप्पट वीज जाळतो का?

तसा अर्थ काढता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरडोई वापराचा आकडा काढते तो राज्याला मिळालेली एकूण वीज लोकसंख्येने भागून. २०२२-२३ मध्ये देशाचा हा आकडा १,३०० युनिटांच्या थोडा वर होता, तर गोव्याचा अनेक वर्षे २,००० युनिटांच्या पुढे राहिला आहे. मात्र या भागाकारात कुंडई, वेर्णा आणि कुंकळ्ळी येथील औद्योगिक वसाहती येतात, किनाऱ्यावरील हॉटेले येतात, रस्त्यावरचे दिवे येतात आणि वाहून नेताना वाया जाणारी वीजही येते. खाली भागायला मात्र फक्त येथील रहिवासी असतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या आसपास होती. त्याहून कितीतरी पट अधिक पर्यटक दरवर्षी येथे येऊन जातात, आणि त्यांच्या खोलीतील एसीची वीज अशा रीतीने सांगे तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाच्याही नावावर चढते.

ही वीज गोव्यात तयार होत नाही, ही बाबही येथे नोंदवली पाहिजे. ती मुख्यतः कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या कोळशावरील केंद्रांतून येते, त्यामुळे तिचा धूर येथे कोणाला दिसत नाही. दिसतात त्या वाहिन्या. २०२० साली मोले परिसरातील जंगलातून जाणाऱ्या नव्या उच्चदाब वाहिनीवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा आपली वीज कुठून येते हा प्रश्न अनेक शहरी घरांत पहिल्यांदाच चर्चेला आला.

गोव्यात बहुतेक सर्व घरांत वीज आहे आणि गॅसही पोहोचला आहे. मग फरक उरतो कुठे?

पोहोचणे आणि वापरता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे ९७ टक्के कुटुंबांनी उजेडाचे मुख्य साधन म्हणून वीज सांगितली होती, तर तेव्हा देशाचे प्रमाण ६७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे गोव्यात ९६ टक्क्यांहून अधिक आढळली. देशात ती ५८.६ टक्के होती, आणि त्यातही शहरांत ८९.७ तर खेड्यांत अवघी ४३.२ टक्के. उत्तरेकडील किंवा मध्य भारतातील राज्यांशी तुलना केली तर गोव्याचा प्रश्न सुटल्यासारखाच वाटतो.

या सर्वेक्षणांत विचारला जाणारा प्रश्न मात्र मुख्य इंधनाविषयीचा असतो. वर्षाला दहा सिलिंडर घेणारे घर आणि तीन सिलिंडर पुरवून पुरवून बाकीचे चुलीवर भागवणारे घर, ही दोन्ही ‘गॅस’ याच रकान्यात जाऊन बसू शकतात. विजेचेही तसेच आहे. दोन दिवे आणि एक पंखा असलेली खोली आणि चार एसी, गीझर व विहिरीवरचा पंप असलेला बंगला, दोघांपुढे ‘वीज आहे’ अशी एकच खूण पडते. गोव्यातील विषमता ही जोडणीची विषमता फारशी राहिलेली नाही. जोडणीनंतर सुरू होणारी ही विषमता आहे, आणि टक्केवारीच्या तक्त्यांत ती दिसत नाही.

किनारपट्टीचे तालुके आणि डोंगराकडचे तालुके यांच्या वापरात फरक का पडतो?

याचे एकच कारण सांगणारा माणूस बहुधा घाईत असतो. येथे चार-पाच गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

पहिली गोष्ट इतिहासाची. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या प्रदेशांत, बाजारपेठा, बंदर, शाळा, परदेशी नोकऱ्या आणि त्यांतून येणारा पैसा पिढ्यानपिढ्या आधी पोहोचला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलेल्या नव्या काबिजादींत, म्हणजे आजच्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या भागांत, रस्ते आणि तारा बऱ्याच उशिराने गेल्या. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर हे अंतर झपाट्याने कमी झाले, फोंड्यासारखा तालुका तर उद्योग आणि शिक्षणाच्या बळावर पुष्कळ पुढे गेला. तरीही कोणत्या गावात आधीपासून पक्की घरे, पगारदार माणसे आणि बँकेतील ठेवी होत्या, याची छाया आजच्या उपकरणांवर दिसते.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची आणि त्यातील चढउताराची. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी, ट्रक आणि बार्ज यांवर हजारो घरे चालत होती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे काही काळ त्या चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. बरकतीच्या काळात हप्त्याने घेतलेला फ्रीज आणि वॉशिंग मशीन घरातच राहतात, उत्पन्न मात्र राहत नाही. अशा वेळी कुटुंब उपकरण विकत नाही, ते चालवणे कमी करते, आणि सिलिंडर संपला की लगेच दुसरा न मागवता आठ-पंधरा दिवस चूल पेटवते. घरात काय आहे याची यादी करणाऱ्या सर्वेक्षणाला हा बदल दिसत नाही. तो युनिटांत आणि दोन सिलिंडरांमधील दिवसांत शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट हवामानाची, आणि येथे सर्वसाधारण समज थोडा चुकतो. मार्च ते मेमध्ये वाळपई किंवा सांगे येथील दुपार पणजीपेक्षा अधिक तापते, म्हणून थंडाव्याची गरज आतल्या भागात अधिक असायला हवी. एसी मात्र किनाऱ्याकडे अधिक आहेत. किनाऱ्यावरची दमट हवा घाम सुकू देत नाही हे खरे, पण त्याहून मोठे कारण म्हणजे तेथे एसीचे पैसे आणि त्याचे बिल परवडणारी घरे अधिक आहेत. गरज एकीकडे आणि वापर दुसरीकडे, असे चित्र ऊर्जेच्या बाबतीत वारंवार दिसते.

चौथी गोष्ट पुरवठ्याच्या दर्जाची. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की डोंगराकडच्या वाड्यांवर वीज जाते, आणि लाइनमन पोहोचेपर्यंत रात्र उलटते. शहरांत आणि किनारी गावांत भूमिगत केबलचे काम बरेच पुढे गेले आहे. दाब कमी-जास्त होणाऱ्या ठिकाणी माणूस इंडक्शन शेगडीवर विसंबत नाही, त्यामुळे तेथील कमी वापर ही नेहमी निवड नसते. दुसरीकडे, वारंवार वीज जाणाऱ्या घरात इन्व्हर्टर असेल तर बॅटरी भरताना आणि उतरताना काही वीज वाया जाते, आणि तेवढाच उजेड मिळवण्यासाठी त्या घराला अधिक युनिटे मोजावी लागतात.

आदिवासी समाजातील घरांची स्थिती वेगळी आहे का?

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण १० टक्क्यांच्या थोडे वर नोंदले गेले. केपे, सांगे, धारबांदोडा, काणकोण हे तालुके या दृष्टीने महत्त्वाचे असले, तरी सासष्टी, तिसवाडी आणि फोंडा येथेही या समाजांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे ‘आदिवासी म्हणजे जंगलातील’ हे समीकरण गोव्यात लागू पडत नाही. कुडतरी किंवा सांताक्रूझच्या कुणबी-गावडा घराचा ऊर्जावापर शेजारच्या घराशी जितका जुळतो, तितका नेत्रावळीच्या वेळीप घराशी जुळत नाही.

देशपातळीवर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुढे आली आहे: उत्पन्न आणि शिक्षण यांचा प्रभाव वेगळा काढल्यावरही अनुसूचित जाती-जमातींतील कुटुंबे गॅस आणि वीज यांचा वापर इतरांपेक्षा कमी करतात. म्हणजे खिशातील पैसा सारखा असला तरी अंतर पूर्णपणे मिटत नाही. वाडी रस्त्यापासून दूर असते, सिलिंडरची गाडी मुख्य रस्त्यावरच थांबते, घर क्रमांक किंवा जागेचा कागद नसल्याने जोडणी लांबते, आणि लाकूड जवळ असते. यांतील एकही अडचण रीतीरिवाजाच्या खात्यावर टाकता येणार नाही, आणि म्हणूनच ‘त्यांना चूलच आवडते’ हे शहरात ऐकू येणारे स्पष्टीकरण सावधपणे घ्यावे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या धनगर-गवळी वस्त्यांचा उल्लेख येथेच करायला हवा. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही, त्यासाठीची त्यांची मागणी जुनी आहे. काही वस्त्या अभयारण्यांच्या हद्दीत किंवा कडेला असल्याने तार टाकण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. सामाजिक गटांनुसार मांडलेल्या तक्त्यांत त्यांचे घर वेगळे दिसतच नाही.

चूल वापरणारे घर कमी ऊर्जा वापरते, असे म्हणता येईल का?

उलटच म्हणावे लागेल, आणि या पानावरील सर्वांत गैरसमजाचा मुद्दा बहुधा हाच असावा. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते, बाकीची धुरात आणि हवेत जाते. गॅसच्या शेगडीत साठ टक्के किंवा त्याहून अधिक उष्णता कामाला येते. एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढा चुलीवर करायला साधारण दोनशे किलो सुके लाकूड लागते. एवढे लाकूड म्हणजे डोक्यावरच्या वीस किलोच्या दहा मोळ्या.

म्हणजे गरीब घर एकूण ऊर्जा अधिक जाळते आणि तिचा लाभ कमी घेते. डोळ्यांत धूर, भिंतीवर काजळी आणि बाईचा अर्धा दिवस हा त्या दोहोंतील फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. एकूण ऊर्जेच्या आकड्याकडे पाहून ‘हे घर जास्त वापरते’ किंवा ‘कमी वापरते’ असे ठरवण्यापूर्वी त्या ऊर्जेतून काय मिळाले, किती भात शिजला, किती पाणी तापले, किती तास वारा लागला, हे विचारले पाहिजे.

गॅस आणि गीझर दोन्ही असूनही अनेक गोमंतकीय घरांत लाकूड का जळते?

कारण ते परवडते, आणि त्यामागे चोख हिशेब असतो. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला बादलीभर, म्हणजे वीस लिटर पाणी १५ अंशांनी तापवायचे तर विजेवर रोज पावणेदोन युनिटे लागतात, गीझरमधील उष्णतेची गळती धरून महिन्याला पन्नास ते साठ. न्हाणीतील तांब्याच्या भाणाखाली तेच काम तीन-चार किलो जळणात होते, आणि माडांची बाग असलेल्या घरात हे जळण विकत घ्यावे लागत नाही. चुडतां (झावळ्या), करवंट्या, सोडणे, पोयी (माडाच्या फुलोऱ्याची सुकलेली आवरणे) हे सगळे अंगणात पडलेले असते आणि ते कुठेतरी संपवायचेच असते. या सवयीला मागासलेपण म्हणणे मला पटत नाही. न्हाणी घराबाहेर आणि उघडी असेल तर धुराचा त्रासही स्वयंपाकघरातल्या चुलीइतका नसतो.

ज्याच्याकडे माड नाहीत आणि जो जंगलातून ओझे आणतो, त्याचा हिशेब मात्र असा नाही. त्याच्या लाकडाची किंमत पैशांऐवजी वेळात मोजली जाते. पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही, म्हणून वैशाखातच पडवीत जळण रचून ठेवावे लागते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, या कामात पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) सुक्या मासळीइतकेच महत्त्व जळणाला होते, आणि काही घरांत अजून आहे.

ज्या मीटरवर कमी युनिटे पडतात ते घर गरीब असते, असे धरता येईल का?

गोव्यात हे गृहीतक सर्वांत जास्त फसते. घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढत जातात. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंतचा असून तो सर्वांत स्वस्त आहे. कमी वापरणारा तो कमी उत्पन्नाचा, असा या रचनेमागचा विचार आहे. आता सासष्टी किंवा बार्देशमधील एखाद्या वाड्यावर फेरी मारून पाहावी. कुलूप लावलेले थोरले घर, बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) झाडलेला नाही, मालक लिस्बन, लंडन, कुवेत किंवा मुंबईत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचवा हिस्सा घरे रिकामी आढळली होती, आणि हे प्रमाण देशात सर्वांत अधिक गणले गेले. अशा घराच्या मीटरवर वर्षातील दहा महिने जवळपास काही पडत नाही. चवथीला, नाताळाला किंवा फेस्ताला सगळे जमले की दोन आठवडे आकडा उडी मारतो. उरलेला काळ हे घर तक्त्यात अगदी तळाला, झोपडीच्या शेजारी बसलेले असते.

याच्या उलट बाजूला एकाच मीटरवर नांदणारी दोन-तीन कुटुंबे असतात. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसते, वारसदारांची संख्या मोठी असते, त्यांतील काही परदेशी असतात, आणि वेगळे मीटर घ्यायला लागणारी संमती गोळा होत नाही. समजा, दोन भावांच्या चुली वेगळ्या आहेत आणि प्रत्येकाचा वापर महिन्याला ९० युनिटे आहे. मीटर वेगळे असते तर दोघेही पहिल्याच टप्प्यात राहिले असते. एकाच मीटरवर १८० युनिटे पडतात आणि त्यांतील ८० दुसऱ्या, महाग टप्प्यात जातात. काटकसर सारखीच असूनही बिल वाढते. भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकार कुटुंबांनाही कागद नावावर नसल्याने अशाच खटपटी कराव्या लागतात, जरी १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांच्या राहण्याला संरक्षण दिले आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, दरमहा मीटरवर पडणारा आकडा त्या मीटरमागे जेवणाऱ्या माणसांच्या संख्येसोबत पाहिला नाही, तर सवलतीचा पैसा कुलपाला मिळतो आणि एका मीटरवर नांदणाऱ्या मोठ्या घराला मिळत नाही.

भाड्याच्या खोलीत राहणारे स्थलांतरित कामगार या हिशेबात कुठे येतात?

बहुतेक वेळा ते कुठेच येत नाहीत. वास्को, मडगाव, म्हापसा किंवा औद्योगिक वसाहतींच्या आसपास ओळीने बांधलेल्या खोल्यांत मीटर मालकाच्या नावाचे असते. प्रत्येक खोलीला उपमीटर असला तर मालक स्वतः ठरवलेला दर लावतो, नसला तर डोईमागे ठराविक रक्कम घेतो. सर्व खोल्यांचा वापर एकाच मीटरवर पडल्याने शेवटची युनिटे वरच्या टप्प्यात जातात आणि तोच चढा दर भाडेकरूच्या वाट्याला येतो. सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या माणसाला युनिटमागे सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात.

गॅसची गोष्टही वेगळी नाही. पत्त्याचा पुरावा नसल्याने नियमित जोडणी मिळणे कठीण जाते, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला जातो. तो कागदपत्रांच्या फारशा कटकटीविना मिळतो, पण किलोमागे महाग पडतो. बांधकामावर राहणारे काही जण फळ्यांचे तुकडे जाळतात.

मग ऊर्जावापर जातीवर किंवा धर्मावर अवलंबून असतो का?

थेट नाही. सासष्टीतील ख्रिस्ती घर आणि फोंड्यातील हिंदू घर यांच्या वापरात फरक दिसला, तर त्यामागे परदेशातून येणारा पैसा, घरातील माणसांची संख्या, घराचा प्रकार आणि गावाचे ठिकाण यांचा वाटा आधी तपासावा. ओव्हनमध्ये भाजणे, उपवासाच्या दिवशी दोन वेळा वेगळा स्वयंपाक, सणाची रोषणाई यांमुळे पडणारा फरक असतो, पण तो एका एसीच्या महिन्याभराच्या वापरापुढे किरकोळ ठरतो.

घराच्या बांधणीचा वापरावर किती परिणाम होतो?

बराच होतो. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छप्पर, मंगळुरी कौले, मध्ये राजांगण किंवा पुढे बाल्कांव असलेले जुने घर पंख्यावर भागते, कारण गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. दोन पंखे बारा तास, पाच एलईडी दिवे, टीव्ही, फ्रीज आणि किरकोळ वापर धरून एका साध्या घराची महिन्याला शंभर युनिटे होतात. दीड टनाचा एक एसी रोज आठ तास चालला तर एकट्याचीच दोनशेच्या पुढे जातात. म्हणून ‘आजोबा एसीशिवाय राहिले’ हा दाखला सदनिकेतील नातवाला लागू करताना आजोबांचे छप्परही मोजावे. २०२० च्या जानेवारीपासून नव्या एसींत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले आहे. रिमोट हाती आला की ते किती वेळ टिकते हा भाग वेगळा.

सदनिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे सोसायटीच्या वेगळ्या मीटरवर असतात आणि देखभाल खर्चात वसूल होतात. ती युनिटे कोणत्याच घराच्या नावावर दिसत नाहीत.

एकाच घरातील सर्वांना सारखी ऊर्जा मिळते का?

नाही. एसी बहुधा एका खोलीत असतो, आणि ती खोली आजीची क्वचितच असते. स्वयंपाकघरात पंखा नसलेली घरे एसी असलेल्या घरांतही सापडतात.

छतावरील सौर वीज हे अंतर कमी करील का?

सध्याच्या रचनेत ती काही घरांचा भार नक्की हलका करते, पण अंतर वाढण्याचीही शक्यता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी स्वतःचे घर, योग्य छप्पर आणि स्वतःच्या नावाची वीजजोडणी लागते. भाडेकरू येथेच वगळला जातो. वाटणी न झालेल्या घरातील भाऊ संमतिपत्रापाशी अडतो, आणि सदनिकेतील मालकाला गच्चीवर एकट्याचा हक्क नसतो. कौलारू छपरावर बसवता येते, पण वाशांची मजबुती तपासावी लागते आणि माडाची सावली टाळावी लागते.

पैशाचा हिशेबही उंच बिलाच्या बाजूने झुकतो. एक किलोवॉटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिटे देतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असल्याने ही संख्या बरीच घटते. चारशे युनिटांच्या घरात ही वीज सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे वाचवते, म्हणून गुंतवणूक लवकर वसूल होते. साठ युनिटांच्या घरात ती आधीच स्वस्त असलेली युनिटे वाचवते, आणि संचाचे पैसे वसूल व्हायला फार वर्षे जातात. अशा घराला सौर संचापेक्षा जुना पंखा बदलणे अधिक फायद्याचे पडते: साधा छतपंखा ७०-७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास.

माझ्या घराचा वापर इतरांच्या तुलनेत कुठे बसतो, हे मी कसे पाहू?

बारा महिन्यांची बिले घ्यावीत, कारण मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांची बिले एकाच घराची वाटत नाहीत. वर्षाच्या युनिटांत सिलिंडरांची संख्या गुणिले १८० मिळवावी. विकत घेतलेले किंवा आणलेले लाकूड असेल तर किलोमागे चार युनिटे धरावीत, मात्र ती वेगळ्या रकान्यात लिहावीत, कारण त्यांतील बहुतेक उष्णता भांड्याला लागलेली नाही. मग या बेरजेला घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागावे. बोटीवर असलेला मुलगा, बंगळुरूला शिकणारी मुलगी यांना त्यांच्या सुट्टीच्या महिन्यांपुरतेच धरावे. खालच्या खोलीत भाडेकरू असेल आणि त्याची वीज आपल्याच मीटरवर पडत असेल, तर त्याची माणसेही या भागाकारात घ्यावीत, आणि त्याच्याकडून घेतो तो युनिटचा दर आपल्या बिलातील सरासरी दराशी एकदा ताडून पाहावा.